बुधवारचा पडदा

मापताईचं खरं नाव दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर नुसतं 'मापाप्रमाणे शिवून मिळेल' एवढंच लिहिलेलं, आणि त्यातलं माप तेवढं लोकांनी उचललं. गळ्यात टेप घेऊनच ही बाई जन्माला आली असणार, असं शेजारचा चावीवाला म्हणायचा. झोपताना तरी काढता का ताई, असं वर विचारायचा. ती त्याला म्हणायची, तुझी जीभ मोजायची राहिलीय, बस जरा.

शिवायची काय, तर बायकांचे आतले कपडे. त्यातही तिचं नाव झालं होतं ते एका कामासाठी. कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांची छाती काढावी लागली, अशा बायकांसाठी ती खास ब्रा शिवायची. आतून कप्पा, आणि कप्प्यात बसणारी मऊ पिशवी, तिच्यात कापूस आणि वजनाला बारीक मणी. वजन नेमकं लागतं, नाहीतर एक खांदा वर चढतो आणि बाई चालताना तिरकी दिसते. ह्या पिशवीला दुकानात 'बदली' म्हणायचे. नाव कंडक्टरीणबाईंनी ठेवलेलं. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेली ती बाई. "मूळची सुटली, ही बदलीवर आलीय," असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या, तेव्हा हसताना एकीचे ताजे टाके दुखले होते.

बुधवारी दुपारी दुकान बंद असायचं. बंद म्हणजे गिऱ्हाइकाला बंद. आत मशिनींच्या लांबट खोलीत खुर्च्या गोल मांडल्या जायच्या, चहा उकळायचा, आणि रस्त्याकडच्या दाराला आतून कडी लागायची. मग जमलेल्या बायका अंगातलं काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या आणि तशाच उघड्या बसून गप्पा मारायच्या. भाज्या महाग झाल्या, सून ऐकत नाही, गुडघा दुखतो. छातीबद्दल चकार शब्द नाही. नवी आलेली बाई ह्या सगळ्यांत बटणं गळ्यापर्यंत लावून बसलेली असायची. तिला कुणी काढ म्हणायचं नाही, कुणी तिच्या बटणाला हात लावायचा नाही. एखादी पहिल्याच दिवशी काढायची, एखादी चौथ्या बुधवारी. तिनं आपणहून काढलं की मापताई टेप घेऊन उठायची. त्याआधी माप नाही, कितीही घाई असली तरी नाही.

हे कुणी ठरवलं, कधी सुरू झालं, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. पण ह्या खोलीत येऊन बायका सरळ चालायला लागलेल्या मापताईनं डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि तिचा ह्या खोलीवर देवावर असावा तसा विश्वास होता.

आणि आता तिच्या अक्कालाच ह्या खोलीची गरज पडली होती.

अक्का म्हणजे थोरली बहीण. घरात हिचा शब्द शेवटचा, भांडणात हिचा आवाज पहिला. ऑपरेशन झालं आणि ती बाई मिटली. डावा हात भिंतीवर बोटं चालवत रोज थोडा थोडा वर न्यायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, नाहीतर खांदा आखडेल, मग काही करता येणार नाही. अक्का हात पोटाशी धरून बसायची. मोरीतल्या आरशावर तिनं टॉवेल टाकला होता. जखमेकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मापताई तिच्या घरी चकरा मारून दमली. बाबापुता करून झालं, रागावून झालं.

"बुधवारी ये गं एकदा. नुसती बस. काही करू नकोस."

"पिल्लू असेल तर येईन," अक्का म्हणाली.

इथं घोडं अडलं. पिल्लू म्हणजे अक्काचं एकुलतं एक मूल. मुलगा म्हणून वाढलेलं. काही वर्षांपूर्वी त्यानं घरात सांगितलं की मी मुलगी आहे, आणि तेव्हापासून ती मुलगी म्हणूनच राहत होती. केस वाढवले, कपडे बदलले, दवाखान्यातून हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. उंची आणि आवाज मात्र होते तसेच राहिले. अक्का तेव्हाही पिल्लू म्हणायची, आताही पिल्लूच म्हणते, तिचं काम सोपं होतं. मापताईला मात्र ओळखीच्या जिन्यात कुणी एक पायरी वाढवून ठेवावी तसं झालं होतं. चढता यायचं, पण मधूनच ठेच लागायची. भाचीवर तिचा जीव होता. भाचा होता तेव्हाही होताच.

"पिल्लूच का?" तिनं विचारलं.

"जखम तीच धुते. मी भिंतीकडे तोंड करते, ती तोंडातून शब्द काढत नाही. मलम लावते, पट्टी बांधते, जाते. तुला नाही दाखवलं, तिला दाखवलं. आता का, ते विचारू नकोस."

मापताईनं विचारलं नाही. पण लागलं तिला ते. आपण जगाच्या जखमांची मापं घेतो आणि सख्ख्या बहिणीनं आपल्याला तिची दाखवू नये, ह्या विचारानं ती त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या बुधवारी तिनं बायकांना विचारलं, पिल्लूला आत येऊ द्यायचं का. तिघीच होत्या त्या दिवशी. कंडक्टरीणबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, आणि चौकात टपरी लावणारी फुलवाली. मापताईनं मनातल्या मनात आधीच हिशेब मांडला होता. मास्तरीणबाई नाही म्हणणार. ज्या बाईला पोरींच्या रिबिनीचा रंगसुद्धा चुकलेला चालत नव्हता, ती हे कसलं चालवून घेते? कंडक्टरीणबाई चेष्टा करतील आणि हो म्हणतील. फुलवाली कशालाच नाही म्हणत नाही.

"ती मुलगी आहे, हे मला पटलेलं नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. चष्मा तेवढा अंगावर, बाकी काही नाही, तरी त्या वर्गात उभ्या असल्यासारख्याच दिसत होत्या. "ह्या जन्मी पटेल असंही वाटत नाही. खोटं कशाला बोलू?"

"म्हणजे नको."

"नको कुठं म्हटलं मी? येऊ दे. आईची जखम रोज धुणाऱ्या माणसाला दाराबाहेर बसवायचं, हे मला त्याहून पटत नाही."

मापताईच्या हातातला कप तसाच राहिला.

"माझं म्हणाल तर," कंडक्टरीणबाई म्हणाल्या, "बायकांच्या सीटवरून मी आयुष्यभर लोकांना उठवलं. कुणाला उठवायचं ते लांबूनच कळायचं. हिला उठवलं असतं का? काल तुम्ही विचारलं असतं तर हो म्हटलं असतं, आज नाही म्हणेन, उद्याचं सांगता येत नाही. येऊ दे. फार विचार केला की माझं डोकं चढतं."

फुलवाली एका सैल झालेल्या बदलीला टाके घालत होती. तिनं दोरा दातानं तोडला.

"ती बाईच आहे, ताई," ती म्हणाली. "टपरीवर येते ना माझ्या. मोगरा आवडत नाही तिला, निशिगंध नेते. मला तिच्यात दुसरं काही दिसलंच नाही कधी. बाईंना वाटतं तसं मला वाटत नाही."

"मग झालं तर."

"पण इथं नको."

चहा उतू गेला, तो पुसायला मापताई उठली, त्यामुळे सगळ्यांनाच जरा बरं वाटलं. पण फुलवालीनं मान वर केली नाही. मापताई परत येऊन बसल्यावर ती टाक्यांकडे बघतच बोलली.

"मी सासरी होते तेव्हा आमच्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. दीर कधीही आत यायचा. ऑपरेशन झाल्यावरसुद्धा यायचा. इथं आले, तर तुम्ही मला कडी लावायला सांगितली. आठवतं? तेव्हापासून दर बुधवारी मीच लावते." तिनं दुसरा दोरा ओवला. "तुमची भाची चांगली आहे. मला कळतं. माझ्या पाठीला कळत नाही. जाड आवाज ऐकला की ती आपोआप भिंत शोधायला लागते. मी काय करू तिला?"

मापताईनं डोक्याला हात लावला. जी म्हणते ही बाई नाही, ती म्हणते येऊ दे. जी म्हणते ही बाई आहे, ती म्हणते नको. रस्त्यावर लोक ह्या विषयावर तावातावानं भांडतात, त्यांच्यात कसं एक इकडे असतो आणि एक तिकडे, निदान तोंडं तरी समोरासमोर असतात. इथं तर धागाच उलटासुलटा गुंतला होता. खांदा, छाती, कंबर, सगळ्याचं माप तिला नुसत्या नजरेनं यायचं. हे कुठून कुठवर मोजायचं, तेच तिला कळेना.

ती पिल्लूकडे गेली. पिल्लू लिफ्ट दुरुस्त करायची. एका उंच इमारतीत तळाच्या खड्ड्यात उतरून ती तारा तपासत होती, आणि मापताई वर दार धरून वाकून उभी राहिली. ग्रीसचा वास येत होता. खड्ड्यातून आवाज आणखीच जाड होऊन वर यायचा. मापताईनं जे घडलं ते सगळं सांगितलं, फुलवालीच्या दिराचं तेवढं वगळून. ते सांगायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं.

"मला यायचंच नाहीये मावशी," खालून उत्तर आलं. "कुणी विचारलं मला? त्यांचं गेलंय. माझं आत्ता कुठं येतंय. त्यांच्यासमोर बसायची मलाच लाज वाटेल."

मापताईला हे सुचलंच नव्हतं. ती म्हणाली, "मग प्रश्नच मिटला."

"मिटला कुठं? मी नाही तर आई नाही. आणि तिचा हात वर जात नाहीये." पिल्लू शिडी चढून वर आली, हात चिंधीला पुसत. त्या हातांत मापताईचे दोन्ही हात मावले असते. "काल कप घ्यायला गेली फळीवरचा. अर्ध्यात थांबली. मी बघितलं नाही असं दाखवलं."

"फुलवालीचा राग आला तुला?"

"आला. मग गेला. मग परत आला." तिनं चिंधी खिशात कोंबली. "तिला सांगू नकोस. फुलं तिच्याकडूनच घेते मी."

घरी येताना मापताईला युक्ती सुचली, आणि ती इतकी खूश झाली की चावीवाल्यानं टोमणा मारला तर तिनं उलट उत्तरसुद्धा दिलं नाही. मशिनींच्या खोलीच्या टोकाला कपडे घालून बघायची जागा होती. तिथं तीन बाजूंनी दिसेल असा तीन पाखांचा आरसा, एक स्टूल, बोळात उघडणारं मागचं दार, आणि मध्ये जाड पडदा. पिल्लू बोळातून येईल, पडद्यापलीकडे बसेल. अक्काची खुर्ची पडद्याला लावून ठेवायची. पडद्याच्या फटीतून तिला पिल्लूचा हात धरता येईल. पिल्लू आत नाही आणि बाहेरही नाही. पिल्लूनं तोंडातून आवाज काढायचा नाही, म्हणजे फुलवालीच्या पाठीचंही भागलं. दोघींनाही हे सांगितलं. फुलवाली म्हणाली, "बघू." पिल्लू म्हणाली, "हातच न्यायचा आहे ना? हात नेते."

अक्काला मात्र मापताईनं निराळं सांगितलं. पिल्लूच लाजतेय म्हणून पडदा, असं सांगितलं. म्हटलं तर ते खरंही होतं. उगाच आजारी माणसाच्या डोक्याला भुंगा कशाला, असा तिनं विचार केला. चांगल्या मनानं केलेली लबाडी फार वेळ झाकून राहत नाही, एवढं तिला ह्या वयात कळायला हवं होतं. पण बहिणीपुढं तिची अक्कल नेहमीच थोडी कमी पडायची.

बुधवारी अक्का आली. कॉलर गळ्यापर्यंत, डावा हात पोटाशी, नजर जमिनीला. पडद्याशेजारच्या खुर्चीत बसली आणि उजवा हात फटीतून पलीकडे घातला. पलीकडून तो धरला गेला, हे तिच्या खांद्यांवरून सगळ्यांना कळलं. फुलवालीनं दाराला कडी लावली, ओढून पाहिली, आणि सगळ्यांत लांबच्या खुर्चीत, भिंतीला पाठ लावून बसली. तिनं ब्लाउज काढला, बदली काढून मांडीवर ठेवली. दर बुधवारी काढायची तसाच. तेवढ्यानंही मापताईचा जीव भांड्यात पडला.

गप्पा सुरू झाल्या. मास्तरीणबाईंच्या सोसायटीत पाणी येत नव्हतं. कंडक्टरीणबाईंचा जावई घोरत होता, आणि लेक माहेरी येऊन झोपत होती. अक्का ऐकत होती. मधेच तिनं मान वर केली, आणि मास्तरीणबाईंकडे पाहिलं, त्यांच्या सपाट छातीवरच्या आडव्या रेघेकडे. मग पटकन नजर खाली. मग पुन्हा वर. मापताई मशिनीवर दोरा ओवत होती, आणि सुईचं भोक तिला काही केल्या दिसत नव्हतं.

"तुमचा जावई घोरतो तरी," अक्का एकाएकी म्हणाली. घसा बसल्यासारखा आवाज. "आमचे हे झोपेत हिशेब करायचे. चुकला की मला उठवून विचारायचे."

हशा पिकला. अक्कासुद्धा हसली. आणि हसता हसता तिनं फटीतला हात काढून घेतला, कारण दुसरा हात बटणापर्यंत पोचत नव्हता. एकेक बटण एका हातानं. कुणी तिकडे पाहिलं नाही, सगळ्या जावयाबद्दलच बोलत राहिल्या. तिनं ब्लाउज खुर्चीच्या पाठीवर टाकला तेव्हा मापताईच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि ती टेप काढून अक्काच्या पाठीमागून फिरवत होती, वाचता मात्र काहीच येत नव्हतं.

पडद्याच्या फटीत पिल्लूचा हात अजून तसाच होता. रिकामा, तळवा वर. मापताईला दिसला. धरावासा वाटला, पण टेप सोडला आणि अक्कानं पुन्हा अंग झाकलं तर? तिनं टेप सोडला नाही. थोड्या वेळानं तो हात आपणच आत गेला.

"पिल्लू, इकडं ये गं," अक्का मान वळवून म्हणाली. इतक्या सहज, जसं स्वयंपाकघरातून हाक मारावी.

पलीकडून काही आवाज नाही. फुलवालीनं ब्लाउज उचलून छातीशी धरला.

"अगं ये ना. लाजतेस काय? सगळ्या आपल्याच आहेत."

"नको आई," पडद्यामागून आलं. "मी इथं बरी आहे."

जाड आवाज. फुलवालीची पाठ भिंतीला घट्ट चिकटली. डोकंसुद्धा. तिनं डोळे मिटून घेतले होते.

"अक्का, असू दे," मापताई घाईघाईनं म्हणाली. "आपलं ठरलंय ना..."

"काय ठरलंय? कुणाशी?" अक्कानं तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरीणबाईंकडे, मग लांबच्या खुर्चीकडे. पहिल्यापासूनच हुशार बाई ती. सगळं तिच्या ध्यानात आलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "पडदा तिच्या लाजेसाठी नव्हता तर."

फुलवालीचं नाव घ्यावं तर तिचा घात, न घ्यावं तर पिल्लूचा. अक्का ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं चहाचा कप उचलला, उठली, आणि तशीच उघडी, अंगाभोवती टेप लोंबत असताना, पडदा बाजूला करून पलीकडे गेली. टेपचं दुसरं टोक मापताईच्या हातात होतं, त्यामुळे तीही मागोमाग खेचली गेली.

पिल्लू स्टुलावर मागच्या दाराकडे तोंड करून बसली होती. जखम धुताना अक्का भिंतीकडे तोंड करायची तशी.

"इकडं बघ," अक्का म्हणाली.

पिल्लू वळली. आणि तिच्याकडे बघायला म्हणून अक्का वळली, तर समोर आरसाच. तीन पाखांत तीन अक्का. मापताईला वाटलं, आता ही कोसळणार. पण अक्का एक पाऊल पुढे गेली, दुकानातला माल पारखावा तशी वाकून बघू लागली.

"तू रोज ह्यालाच मलम लावतेस?"

"हो."

"टाके सरळ आहेत गं." मग मापताईकडे न बघता, "हिच्यापेक्षा सरळ."

आणि रेघ कुठं संपते ते दाखवायला तिनं डावा हात उचलला. कोपर खांद्याच्या बरोबरीला आलं. तिला कळलंही नाही. पिल्लूनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मापताईनं माप घेतलं, पुन्हा घेतलं. बुधवारच्या खोलीनं जे करायचं ते केलं होतं, पण ते घडलं होतं पडद्याच्या ह्या बाजूला, आणि ह्या बाजूला घडलं असतं का, जर त्या बाजूला बटणं निघाली नसती? तिला समजेना, आणि इतका आनंद झाला होता की समजून घ्यायची शुद्धही नव्हती. टाचण्या हव्या होत्या. ती आणायला ती पडदा सारून बाहेर आली.

लांबची खुर्ची रिकामी होती. दाराची कडी काढलेली होती.

"गेली," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "मी थांब म्हटलं. ती म्हणाली, नवीन बाई माझ्यामुळे उठून गेली. इथं कधी कुणी कुणाला उठवलं नव्हतं, म्हणाली."

"मी धावणार होते," कंडक्टरीणबाई म्हणाल्या, "पण अशी कशी धावू?"

खुर्चीवर फुलवालीची बदली पडली होती. मापताईनं ती उचलली. ही बाई बदली लावल्याशिवाय कधी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. टपरीवर फुलं विकताना एक हात नेहमी छातीसमोर ठेवणारी बाई, ती भर दुपारी नुसता ब्लाउज अडकवून रस्त्यावर गेली होती.

त्या खोलीत अंगभर कपडे घातलेली बाई एकटी मापताईच. खुंटीवरची शाल ओढून ती पळाली. चावीवाल्यानं काहीतरी विचारलं, ते तिनं ऐकलं नाही. कोपऱ्यावर, बंद पडलेल्या औषधाच्या दुकानाच्या दाराशी, फुलवाली तोंड आतल्या बाजूला करून उभी होती. दोन्ही हात काखेत. रस्त्यावरून माणसं जात होती.

मापताईनं बदली तिच्या हातात दिली आणि शाल उलगडून तिच्यामागे दोन्ही हातांनी उंच धरली. शालीआड फुलवाली हूक काढायला लागली.

"अक्का हसल्या का नंतर?" तिनं विचारलं.

"हसली. हात वर गेला तिचा. खांद्यापर्यंत."

"बरं झालं." खरंच बरं वाटल्यासारखी म्हणाली. "त्यांना येऊ दे ताई. दोघींनाही. पडदा नको आता. त्या पोरीला असं मागं बसवलेलं मलाही बघवलं नाही. पण मी यायची नाही. रागानं म्हणत नाही. मी तिथं बसले तरी कान पडद्याकडेच राहणार माझे, आणि तिच्या मनाला ते लागणार. मग कुणाचं भलं झालं?"

"असं नको करूस. मंगळवारी ये. तुझ्यासाठी मी उघडेन. तूच कडी लाव. कुणी नसेल."

"एकटीनंच बसायचं, तर आरसा माझ्या घरी पण आहे."

मापताईला रडू आलं. चूक झाली होती, हे तिला कळत होतं, पण कुठं झाली ते सापडत नव्हतं. अक्काला खरं सांगितलं असतं तर अक्का आली नसती. पडदा नसता तर ही आली नसती. पिल्लू नसती तर अक्काचा हात वर गेला नसता. जिथून धरावं तिथून तेच निघत होतं, आणि ही समोरची बाई, जिनं कधी कुणाला नको म्हटलं नव्हतं, एकदाच म्हणाली आणि रस्त्यावर आली. राहा म्हणावं, तर कशाच्या जोरावर? जा कशी म्हणणार?

"तुझं माप आहे माझ्याकडे," ती कशीबशी म्हणाली. "सैल झाली की सांग. मी टपरीवर आणून देईन."

"द्या."

शाल धरून मापताईचे हात भरून आले होते. एक म्हातारा थांबून बघायला लागला, त्याच्याकडे तिनं अशा डोळ्यांनी पाहिलं की तो निघून गेला. फुलवालीनं ब्लाउज नीट केला, खांदे सारखे केले, वळली. मापताई अजून शाल तशीच धरून उभी होती.

"सोडा आता ताई," फुलवाली म्हणाली. "झालं माझं."